भगवंतरावांच्या नावाचा पट्टा

गव्हाचा चीक शिजायला लागला की आमच्या घरातला माणूस जागेवर राहत नाही, हे मला लग्न झाल्यापासून माहीत आहे. त्यामुळे गच्चीच्या जिन्यात काठीची टकटक ऐकू आली तेव्हा मी मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. माझे दोन्ही हात उलथण्यावर होते. कुरडयांचा चीक एकदा चुलीवर चढला की हात थांबवून चालत नाही. गुठळ्या होतात, आणि मग गल्लीतल्या बाया वर्षभर नावं ठेवतात.

“अहो, खाली जा बरं,” मी म्हणाले. “पाय टेकवायचा नाही म्हणून सांगितलंय ना?”

“नुसता वास घ्यायला आलोय,” हे म्हणाले. “वासात कॅलरी नसतात.”

बार्शीच्या डेपोत उभं आयुष्य कंडक्टरकी केलेला माणूस. गाडीत कितीही दाटी असो, यांना मधून वाट काढता यायची. बोलण्यातही तसंच. पण त्या चैत्रात यांना घरातल्या घरात फिरायचीही बंदी होती. उजव्या पायाच्या करंगळीखाली जखम झालेली. चपलेचा खिळा टोचला होता, आणि साखरेनं पावलाची जाणीवच गेल्यामुळे यांना ते कळलंच नाही. मोजा लाल झालेला मला दिसला तेव्हा कुठं उलगडा झाला.

डॉक्टर रेहाना तांबोळींनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. “काका, साखर ताब्यात राहिली तर पावसाळ्याच्या आत जखम भरेल. नाही राहिली तर बोट काढावं लागेल. आणि तिथंही हयगय केलीत तर पाऊल जाईल.”

हे ऐकून आमची पुण्याची लेक शर्वरी हादरलीच. तिनं लगोलग पट्टा आणि ताट पाठवून दिलं.

आता हे काय प्रकरण आहे ते सांगते, म्हणजे पुढचा गोंधळ नीट कळेल. पूर्वीचे पट्टे हाताचे हिसके मोजायचे आणि नाडी बघून अंदाज बांधायचे. अमुक चाललात, म्हणजे तमुक कॅलरी जळल्या, मग आज तेवढं जास्त खा. माणूस झोपाळ्यावर बसून झोके घेत असला तरी त्या बिचाऱ्यांना वाटायचं, वा, काय चालतोय! हा नवा पट्टा तेवढा भोळा नाही. कातडीतून बाहेर पडणारी उष्णता, घामातले क्षार, कातडीखालच्या पाण्यातली साखर, सगळं तो सतत बघत असतो. त्यावरून शरीरानं खरोखर किती खर्च केलं ते तो काढतो. जोडीला ताट. ताटाच्या बुडाशी वजनकाटा आणि काठात बारीक बारीक डोळे. काय वाढलं आणि त्यातलं पोटात किती गेलं, ते ताटाला समजतं. ही दोघं आपसात बोलतात आणि रोज सकाळी ठरवतात की आज या माणसानं किती खायचं. हालचाल जास्त झाली तर आकडा वर, कमी झाली तर खाली. आकडा शिल्लक असेपर्यंत ताटाचा काठ हिरवा. आकडा संपला की लाल. आणि लाल झाला रे झाला की पुण्यात शर्वरीच्या फोनवर घंटी.

हे डॉक्टरांना भीत नव्हते. त्या घंटीला भीत होते.

पाय उशीवर ठेवून बसलेल्या माणसाचा आकडा तो असा कितीसा असणार? दीड भाकरी आणि पालेभाजी झाली की काठ लाल. “हे माणसाचं जेवण आहे का पोपटाचं?” असं म्हणत हे ताटाकडं बघत बसायचे. मला कीव यायची. शर्वरीनं तेव्हा मलाही विचारलं होतं, “आई, तुलापण एक पट्टा घेऊ का?” मी म्हणाले, “मला काय धाड भरलीय?” विषय तिथंच संपला. घरातली बाई स्वतःसाठी काही घ्यायला लगेच हो म्हणाली, असं आमच्याकडं कधी कुणी ऐकलेलं नाही.

तर त्या दिवशी गच्चीवर हे माझ्या शेजारी येऊन स्टुलावर बसले. चिकाकडं बघितलं, मग माझ्या हातांकडं बघितलं. उलथणं फिरवून फिरवून माझ्या खांद्यापासून बोटांपर्यंत घामाच्या धारा लागल्या होत्या. यांच्या डोळ्यात काहीतरी चमकलं. मनगटावरचा पट्टा सोडला आणि माझ्या हातात, बांगड्यांच्या वर, बांधून टाकला.

“हे काय आता?”

“काही नाही गं. मी तर बसूनच आहे. याला जरा तुझ्याबरोबर फिरून येऊ दे.”

“म्हणजे आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय!”

“यातलं आंधळं कोण आणि कुत्रं कोण, ते संध्याकाळी ठरवू,” हे म्हणाले, आणि मला हसूच आलं. हसताना उलथणं वेडंवाकडं पडलं आणि उकळत्या चिकाचा एक गोळा माझ्या डाव्या हातावर उडाला. कोपराखाली चांगलंच पोळलं. मी त्यावर गार पाणी ओतलं आणि पुढच्या घाण्याला लागले.

संध्याकाळी ताट मांडलं. आकडा बघून यांनी टाळीच वाजवली. वाटीभर चीक, वर दूध, वर साखर. काठ हिरवाच. यांनी डोळे मिटून पहिला घास घेतला आणि मला इतकं बरं वाटलं की पोळलेला हात विसरायला झालं. जन्मभर ज्याला पोटभर वाढलं, त्याला मोजून मापून वाढायचं म्हणजे वाढणाऱ्या हातालाही शिक्षाच असते.

मी पातेली घासायला बसले. पट्टा हातातच राहिला होता. तो एकदम थरथरला आणि एका बाईच्या गोड आवाजात बोलला, “भगवंतराव, आज फार कष्ट झाले. दहा मिनिटं बसा. थोडं पाणी प्या.”

मी इकडंतिकडं बघितलं. ऐकायला कुणी नव्हतं. हे आतल्या खोलीत बातम्या ऐकत होते. हे वाईट आहेत असं मुळीच नाही. हे मला कधी वेडावाकडा शब्द बोलले नाहीत, यांनी पगार हातात आणून दिला, माहेरच्या माणसांचा मान ठेवला. पण ‘आज फार कष्ट झाले, बस’ असं मला तोवर कुणीही म्हटलं नव्हतं. आईनंसुद्धा नाही. माझ्या डोळ्यात पाणीच आलं. पातेली तशीच ठेवून मी भिंतीला टेकून बसले आणि भगवंतरावांच्या नावानं तांब्याभर पाणी प्याले.

दुसऱ्या दिवशी हे म्हणाले, “आजचा दिवस फक्त.” तिसऱ्या दिवशी काही म्हणाले नाहीत, नुसता पट्टा पुढं केला. मग कुरडया संपल्या, ज्वारीच्या पापड्या आल्या, शेवया आल्या. आमच्या गल्लीत आज माझ्या, उद्या तुझ्या, असं आळीपाळीनं सगळ्यांचं वाळवण होतं, आणि एकीकडं गेलं नाही तर चालत नाही. मी दिवसभर गच्च्या चढत-उतरत होते आणि पट्टा माझ्यासोबत होता. रात्रीसुद्धा काढायचा राहून जायचा. खोटं कशाला बोलू, मला तो आवडायला लागला होता. “भगवंतराव, चौथ्यांदा जिना चढलात, सावकाश.” “भगवंतराव, शाब्बास.” नाव यांचं, पण शाबासकी माझ्याच हाताला मिळत होती.

एकदा मात्र त्यानं विचारलं, “भगवंतराव, आपल्या शरीरात मोठा बदल दिसतो आहे. तब्येत ठीक आहे ना?”

मी घाबरून हात यांच्यापुढं धरला. तिकिटाच्या मशिनवर आयुष्यभर चाललेला तो अंगठा यांनी पट्ट्यावर टेकवला आणि ‘हो’ दाबलं. “झालं समाधान त्याचं,” हे म्हणाले. आणि खरंच झालं. बदललेलं शरीर हेच आता भगवंतरावांचं शरीर, असं पट्ट्यानं धरलं आणि नव्यानं शिकायला लागला.

शर्वरीचा फोन आला. पडद्यावर तिचा चेहरा फुललेला. “पप्पा, कमाल केलीत तुम्ही! साखर एकदम नॉर्मल! आणि हालचाल किती वाढलीय! पण पायावर भार देत नाही ना?”

“छे छे! हातांचेच व्यायाम करतो,” हे म्हणाले. “सगळी तुझ्या आईची कृपा.” एवढं एक वाक्य मात्र खरं होतं. मी मागं उभी राहून पट्टा पदराखाली झाकून घेतला.

पट्ट्याची जशी ताटाशी मैत्री होती, तशी यांच्या इन्सुलिनच्या पेनाशीही होती. साखर चांगली दिसली की पेन आपोआप कमी इन्सुलिन सोडायचं. डॉक्टर तांबोळी दर सोमवारी दवाखान्यात बसूनच आकडे बघायच्या आणि त्याला मान्यता द्यायच्या. डोस उतरत गेला तसे हे फुशारत गेले. “बघ, बरा होत चाललोय,” असं मलाच सांगायचे. गंमत अशी की सांगता सांगता यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला.

आणि आकडा वाढतच होता. आधी वाढला तो मी काम करत होते म्हणून. पुढं मात्र विचित्रच झालं. ज्या दिवशी मी फारसं काही केलं नाही त्या दिवशीही आकडा चढलेला. पट्टा म्हणायचा, “कमी पडतं आहे. आज एक भाकरी आणि वाटीभर डाळ जास्त घ्या.” हे जास्तीची भाकरी आणि डाळ घ्यायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा, “अजूनही कमी पडतं आहे. तूप घ्या, शेंगदाणे घ्या.” हे शेंगाची चटणी आणि तूप घ्यायचे. “ऐकलंस? मी नाही, मशीन सांगतंय,” असं वर ऐकवायचे.

फोनवर पट्ट्याच्या चार रेघा दिसायच्या. एक काळीज, फुप्फुसं वगैरे चालवायची, एक हालचालीची, एक अंगातल्या उबेची आणि चौथी दुरुस्तीची. पहिल्या तीन बऱ्या होत्या. चौथी आखडत आखडत काडीएवढी झाली होती. मी विचारलं तर हे म्हणाले, “असेल सर्व्हिसिंगचं काहीतरी. पट्टा जुना झाला की दाखवत असेल.”

मी कधी जेवायची म्हणाल, तर यांचं झाल्यावर. ओट्यापाशी उभ्यानं, पातेल्याची खरवड, उरलेली अर्धी भाकरी, वर ताक. सोमवारी आणि चतुर्थीला उपास. मला उपाशी ठेवलं असं कुणी म्हणू शकणार नाही. मला भूकच लागत नसे, असं मी सगळ्यांना सांगायची, आणि ते मला खरं वाटायचं.

एका संध्याकाळी यांच्या पायाची पट्टी बदलायला घेतली. रोज मीच बदलायची. जखम आज ना उद्या सुकेल म्हणून रोज बघायची, आणि ती सुकत नाहीये हे दिसत असूनही मनाला समजवायची की साखर तर छान आहे, मग होईल हळूहळू. त्या दिवशी पट्टी सोडली आणि वास आला. करंगळी काळपट पडली होती.

“दुखतंय का?” मी विचारलं.

“अजिबात नाही.”

मी बोटानं दाबलं. “आता?”

“काही नाही गं. मस्त आहे.”

न दुखणं हेच वाईट, हे मला खिळ्याच्या वेळेपासून माहीत होतं. मी तिथंच हातातला पट्टा सोडायला घेतला. नेमका तेव्हाच तो बोलला, “भगवंतराव, आज अजून जरासुद्धा बसला नाहीत.” खरं सांगते, एक क्षण माझा हात अडखळला. हा गेला की मला कोण विचारणार, असं मनात आलं. मग त्या काळ्या बोटाकडं बघितलं आणि माझीच मला लाज वाटली. मी पट्टा यांच्या मनगटावर आवळून बांधला.

पट्टा या मनगटावर नव्यानं मोजायला लागला. मग साखरेचा आकडा असा चढत गेला, असा चढत गेला की पट्टा थांबेचना, थरथरतच राहिला.

“बिघडला वाटतं,” हे म्हणाले.

“पट्टा नाही बिघडला,” मी म्हणाले. “उठा. चला.”

डॉक्टर तांबोळींनी आधी पाय बघितला. नर्सला इंजेक्शनं सांगितली, मग पडद्यावर पट्ट्याचे आकडे उघडले आणि मागं मागं जात राहिल्या. त्या तरुण आहेत, आमच्या शर्वरीपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठ्या असतील. बोलतात मऊ, पण त्या दिवशी त्यांचा आवाज मऊ नव्हता.

“काका, हे आकडे तुमचे नाहीत. हे शरीर तुमचं नाही.”

हे छताकडं बघायला लागले. जन्मभर लोकांची तिकिटं तपासली आणि आज स्वतः बिनतिकिटाचे सापडले.

“कुणाचं आहे?” डॉक्टरांनी विचारलं.

“माझं,” मी म्हणाले.

मी सगळं सांगितलं. चीक, गच्ची, ‘हो’ दाबलेला अंगठा, सगळं. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. मग म्हणाल्या, “साखर काकूंची, आणि इन्सुलिन उतरवलं काकांचं. वर खाणं वाढवलं. आणि मी दर सोमवारी ठीक आहे म्हणत राहिले. एकदा बोलावून पाय बघायला हवा होता. ती चूक माझी.” मग यांच्याकडं वळल्या. “बोट काढावं लागेल, काका. उद्याच. पाऊल वाचवायचंय आता.”

यांनी मान हलवली.

मला वाटलं आता आपल्याला उठायचं आहे. पण डॉक्टरांची नजर माझ्या डाव्या हातावर होती. “काकू, हे कधी पोळलं?”

“कुरडयांच्या दिवशी. जाईल की.”

“म्हणजे त्याला किती दिवस झाले! हे एव्हाना कोरडं व्हायला हवं होतं.” त्यांनी पडद्यावर चौथी रेघ मोठी करून दाखवली, ती काडीएवढी झालेली. “काकू, घरात अचानक पाहुणे आले आणि डब्यात पीठ कमी असलं तर तुम्ही काय करता?”

“पाहुण्यांना वाढते. आपलं काय, भागवून घ्यायचं.”

“शरीरही तेच करतं. तुम्ही जास्त राबलात आणि ताटात कमी पडलं, तर शरीर तुमचे हात थांबवत नाही. पाहुण्यांसमोर काही कमी पडू देत नाही. जे बाहेर दिसत नाही तिथं काटतं. जखम भरणं, हाडं घट्ट ठेवणं, आजाराशी झगडणं, तिथं. जुने पट्टे फक्त हालचाल मोजायचे, त्यांना ही आतली काटछाट कळायची नाही. याला कळते. म्हणून यानं रोज सकाळी आकडा वाढवला. तुम्ही कमी राबलात त्या दिवशीसुद्धा वाढवला. तो रोज एकच सांगत होता, या शरीराला जेवायला घाला. ताट सांगत होतं, घातलं, सगळं संपवलं. मग पट्टा म्हणायचा, पोचलं कसं नाही? आणि परत वाढवायचा. त्या बिचाऱ्याला वाटलं असेल, जेवण मधे कुठंतरी गळतंय.”

“गळत नव्हतं,” मी म्हणाले. “हे समोर बसून जेवत होते.”

डॉक्टर हसल्या. मीही हसले. हे हसले नाहीत.

त्या संध्याकाळी दवाखान्याच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. शर्वरी पुण्याहून निघाली होती. खिडकीबाहेर एसटी स्टँडाकडं जाणाऱ्या विजेच्या गाड्या आवाज न करता चालल्या होत्या. हे कितीतरी वेळ त्यांच्याकडं बघत पडले होते. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “तुला भूक लागायची का गं?”

“माहीत नाही.”

“माहीत नाही म्हणजे काय? भूक लागलेली माणसाला कळत नाही का?”

“तुम्हाला खिळा कळला का?” मी म्हणाले. “तसंच.”

यांनी तोंडावर चादर ओढून घेतली. चादर हलत होती. यांना रडताना मी सासूबाई गेल्या तेव्हा बघितलं होतं, त्यानंतर आत्ताच. मी उठून पाठीवरून हात फिरवला. समजूत घालायला म्हणून काहीबाही बोलणार होते, पण नाही बोलले. म्हटलं, रडू दे.

करंगळी गेली. पाऊल वाचलं. शुद्धीवर आल्यावर यांचं पहिलं वाक्य, “चला, एक सीट कमी झाली,” आणि शर्वरी हसावं का रडावं न कळून माझ्या गळ्यात पडली. नंतर मात्र ती आम्हा दोघांनाही अशी बोलली की विचारू नका. मला जास्तच. “मी विचारलं होतं ना आई तुला? तेव्हा काय म्हणालीस?” माझ्या हाडांची तपासणी झाली. ती पोकळ व्हायला लागली आहेत, पण वेळ गेलेली नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. नव्या पट्ट्याचा विषय निघाला तेव्हा त्यांनीच सुचवलं, “जुना काकूंकडंच राहू दे, ताटासकट. तो त्यांचं शरीर ओळखायला शिकलाय. नवा पट्टा, नवं ताट काकांना घ्या. फक्त नाव तेवढं बदलून घ्या. ज्याच्या नावावर पट्टा आहे, त्याच्याच आवाजात ते करावं लागतं.”

घरी आलो त्याला आता बरेच दिवस झाले. पाऊस अजून यायचा आहे, आणि यांची जखम कोरडी पडली आहे. माझ्या हाताचीही. नाव बदलायचं तेवढं राहून जात होतं. कधी फोनची बॅटरी नाही, कधी नेट नाही. खरं कारण मला ठाऊक होतं. यांनी मला कधी नावानं हाक मारलेली नाही. ‘अगं’, नाहीतर ‘ऐकतेस का’, आणि चारचौघांत ‘शर्वरीची आई’. जुन्या वळणाचा माणूस, जीभ वळत नाही.

आज दुपारी हे खाली पाटावर बसले, पाय बाजूला लांब सोडून. शेगडी पुढ्यात ओढली आणि परात मागितली. शर्वरीनं फोनवरून शिकवलं होतं म्हणे. मी नको नको म्हणत होते, तर मलाच दटावलं, “तू तिकडं बस. ताटापाशी.” मी बसले. भाकरी थापताना यांची जीभ दाताखाली, कपाळावर आठ्या. पिठाचे हात पुसून यांनी माझं मनगट धरलं आणि पट्ट्याचं बटण दाबलं.

“भगवंतराव,” पट्टा म्हणाला, “हा पट्टा कुणाच्या नावे करायचा आहे? नाव सांगा.”

“अगं, ते हे आपलं...”

“‘अगं’ असं नाव लावता का आता माझं?” मी म्हणाले.

हे खाकरले. गाडी सुटताना आवाज द्यायचे, तसा घसा साफ केला. आणि म्हणाले, “वैजयंता.” मग थोडं थांबून, सावकाश, “वैजयंता भगवंत नलवडे.”

मी खाली मान घातली. या वयात लाजायचं म्हणजे काय, पण कानापर्यंत गरम झाले. लग्नातल्या घासाच्या वेळी कुणीतरी जबरदस्तीनं घ्यायला लावलं होतं, त्यानंतर यांच्या तोंडून माझं नाव मी आज ऐकत होते.

“नमस्कार, वैजयंताबाई,” पट्टा म्हणाला. “सकाळपासून बरंच काम झालं आहे. जेवून घ्या.”

ताटाचा काठ हिरवा झाला. यांनी भाकरी वाढली, वर दाळवांगं, कांदा, शेंगाची चटणी आणि तुपाचा गोळा. भाकरी एका बाजूनं जाड होती आणि एका कडेला करपली होती. तव्यावरची भाकरी वाफेसकट ताटात पडली की तिचा वास कसा येतो, हे मी आजवर फक्त वाढतानाच अनुभवलं होतं. मी खाल्लं. हे समोर बसून बघत होते. स्वतःचं ताट अजून मांडलं नव्हतं.

भाकरी संपली. काठ अजून हिरवाच होता. “बास मला, पोट भरलं,” हे शब्द सवयीनं माझ्या ओठांपर्यंत आले. मी तोंड उघडलंही. मग थांबले. मी पोटाकडं लक्ष दिलं, विहिरीत दोर सोडून पाणी किती खाली आहे ते बघावं तसं. आणि मला कळलं. भूक तिथंच होती. केव्हापासून होती कुणास ठाऊक.

“अजून एक वाढा,” मी म्हणाले.